समिधा घेऊन आलेला गृहस्थ

ज्याची उभी हयात सौंसरच्या तहसील कचेरीभोवती अर्ज, करारनामे आणि कैफियती लिहिण्यात गेली, त्या माझ्यासारख्या वकिलापुढे कोणी मुखत्यारपत्राचा मसुदा करून घ्यावयास आले, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नसते. कोणी परगावी चाकरीस निघालेला असतो, कोणी अंथरुणास खिळलेला असतो, कोणी भाऊबंदकीला विटलेला असतो, आणि शेताचा कारभार दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला मोकळे व्हावयाचे असते. परंतु काही वर्षांमागे लोधीखेड्याच्या बाजूचा एक तेहतीस वर्षांचा गृहस्थ, बायको आणि धाकटा भाऊ यांना बरोबर घेऊन माझ्याकडे आला, आपल्या वाट्याच्या संत्र्याच्या बागेची वहिवाट सहा वर्षांच्या मुदतीने भावाकडे सोपवावयाची आहे असे म्हणाला, आणि कारण काय लिहू म्हणून मी विचारताच ‘विद्यार्जन’ असे उत्तरला, तेव्हा माझी लेखणी कागदावरच थबकली. विज्ञानाचा पदवीधर, एका खाजगी शाळेतील शिक्षक, दोन लेकरांचा बाप. आणि तिसऱ्या खेपेस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत यश येऊन तो आता अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या पंगतीला बसणार होता. ‘काकाजी, कचेरीच्या भाषेत याला दुसरा शब्द असेल तर तो घाला,’ तो म्हणाला. मी बराच वेळ आठवून पाहिले. तसा शब्द सापडला नाही.

भाऊ काही बोलला नाही. बायकोने मात्र मसुदा वाचून होताच एक दुरुस्ती सुचविली. ‘यायले शिकू द्या, काकाजी, पन बागेचा हिसाब माह्यापाशी राहीन, हे कागदावर घ्या.’ घेतले. त्या कलमाने दस्तऐवज पक्का झाला एवढेच त्या दिवशी मला दिसले. त्याचा पुरता अर्थ ध्यानी येण्यास मला पुढे दोन वर्षे लागली.

प्रश्न नुसता वयाचा असता तर तो सोपा होता, कारण त्याचा निकाल सरकारने लावून टाकला आहे. २०१७ साली प्रवेशपरीक्षेला पंचवीस वर्षांची, आणि राखीव प्रवर्गांना तीस वर्षांची, कमाल मर्यादा घालण्यात आली होती; न्यायालयांतून तिच्यावर बराच खल झाला, आणि मार्च २०२२ मध्ये ती उठली. ज्याने बारावीला जीवशास्त्र घेतले होते असा विज्ञानाचा पदवीधर आता कोणत्याही वयात ह्या दरवाजाशी रुजू होऊ शकतो. ओडिशातील एक निवृत्त बँक अधिकारी तर तो खल चालू असतानाच चौसष्टाव्या वर्षी असा रुजू झाला. अमेरिकेत तर आधी पदवी आणि मग वैद्यक हाच शिरस्ता आहे, आणि तो घट्ट करण्याचे श्रेय १८९३ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेस दिले जाते. इंग्लंडात पदवीधरांसाठी निराळा अभ्यासक्रम लंडनच्या सेंट जॉर्जेसने २००० साली काढला. आमच्या देशात तसा निराळा अभ्यासक्रम नाही. येथे पदवीधराला आपली पदवी दाराबाहेर वहाणांसारखी काढून ठेवून, साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता, असे सगळे पहिल्यापासून करावे लागते. आमच्या गृहस्थाचे दैव एवढेच बरे, की छिंदवाड्याला २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते आणि त्याला तेथेच जागा मिळाली. नाहीतर १९५६ पर्यंत आमची राजधानी असलेले नागपूर दीड-दोन तासांच्या वाटेवर असूनही आज परराज्य आहे, आणि तेथल्या बहुतेक शासकीय जागा तेथल्या रहिवाशांच्या आहेत. मराठी घरात बोलावी, हिंदीत शाळा शिकावी, आणि हाडांची नावे लॅटिनमध्ये घोकावी, हे ह्या सीमेवरच्या मुलांच्या कपाळी लिहिलेलेच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात भोपाळात पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली खरी. त्याने ती चाळली, आणि ‘लिपी आपली आहे, शब्द अजून पाहुणे आहेत,’ एवढाच अभिप्राय दिला.

कायद्याने दार उघडले म्हणून धर्माने ते उघडले असे होत नाही, आणि मला छळीत होता तो प्रश्न धर्माचा होता. माणूस जन्मतःच तीन ऋणांचा देणेकरी म्हणून येतो असे तैत्तिरीय संहिता सांगते: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने फिटते, देवांचे यज्ञाने, पितरांचे प्रजेने. शतपथ ब्राह्मणाने ह्या यादीत मनुष्यांच्या ऋणाची चौथी बाब मांडली आणि ते आसरा व अन्न देऊन फेडावे असे म्हटले. आश्रमांचा क्रम हा वस्तुतः ह्या देण्यांच्या परतफेडीचाच क्रम आहे, आणि ही ऋणे न फेडता मोक्षाकडे डोळे लावणारा खाली घसरतो, अशी मनूने तंबी देऊन ठेविली आहे. ज्याने ऋषिऋणाची फारखती दहा वर्षांपूर्वीच पदवीच्या रूपाने घेतली, ज्याच्या पुढे आता पितरांचे म्हणजे लेकराबाळांचे खाते उघडलेले आहे, त्याने ते अर्धवट टाकून पुन्हा पहिल्या खात्याकडे वळावे काय? जाबालोपनिषदाने, ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्या दिवशी कोणत्याही आश्रमातून निघून जाण्याची मुभा दिली आहे. म्हणजे पुढे उडी घेण्यास शास्त्राची हरकत नाही. मागे येण्याविषयी मात्र शास्त्र जवळजवळ मौन धरून आहे, आणि जेथे बोलते तेथे रागाने बोलते.

मराठी माणसाला तो राग पुस्तकातून शिकावा लागत नाही. विठ्ठलपंत काशीस जाऊन संन्यासी झाले, आणि घरी बायको टाकून आलेला हा शिष्य आहे हे कळताच गुरूने त्यांना आळंदीस परत धाडले, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. आश्रमांच्या जिन्यावरून एक माणूस एक पायरी खाली उतरला, आणि त्याची चार लेकरे ‘संन्याशाची पोरे’ ठरली. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. आणि त्याच चौघांतील एकाने शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका मराठीत आणून समाजाचे देणे अशा चलनात चुकविले की ते मोजण्याची ताकद समाजापाशी नव्हती. हा दाखला मी आमच्या गृहस्थाच्या बाजूने लावण्याचा प्रथम मोह केला, आणि मग तो हाती धरवेना. कारण नीट पाहू जाता तो विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आहे. विठ्ठलपंतांना गुरूने मागे पाठविले ते रुक्मिणीबाईंचे थकलेले देणे फेडण्यासाठी. आमचा गृहस्थ तर ते देणे थकवूनच निघाला होता. मुखत्यारपत्रावर मी शिक्का उमटविला तेव्हा माझ्या मनाची अवस्था अशी, की अशील आपले आहे आणि बाजू पडती आहे.

त्या पडत्या बाजूला आधार मिळाला तो छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात. पाच मोठे गृहस्थ, मूळ शब्द ‘महाशाल’ म्हणजे मोठ्या वाड्यांचे धनी, आत्मा म्हणजे काय ह्याचा खल करीत उद्दालक आरुणीकडे जातात. त्याला स्वतःलाच पुरते ठाऊक नसते, म्हणून तो त्यांना घेऊन, सहावा होऊन, केकयांच्या अश्वपती राजाकडे निघतो. हे लोक धन मागावयास आले असे राजाला वाटते आणि तो दक्षिणेचे बोलू लागतो. तुला जे ठाऊक आहे ते सांग, असे ते म्हणतात. उद्या सकाळी सांगेन, असे राजा म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, केस पिकलेले, नातवंडांचे धनी असावेत असे ते सहाजण हातात समिधा घेऊन पोराटोरांसारखे दारात उभे राहतात. आणि उपनिषद एका छोट्याशा वाक्यात सांगते, की राजाने त्यांचे उपनयन न करताच त्यांना शिकविले.

ह्या ‘न करताच’वर मी पुष्कळ दिवस घालविले आहेत. उपनयनाचा एक अर्थ असा, की आचार्य मुलाला आपल्या पोटात घेतो आणि तो त्याच्या घरी पुन्हा जन्मतो. अथर्ववेदाने तीन रात्रींच्या गर्भाची कल्पना योजली आहे ती ह्याच अर्थाने. आठ वर्षांच्या मुलाला हे साधते, कारण त्याला मागे सोडण्यासारखे काही नसते. ज्याच्या नावावर वाडा आहे, ज्याच्या वाटेकडे घरचे डोळे लावून आहेत, त्याला पुन्हा जन्म घेण्याची सवड नाही. तो शिकेल तर गृहस्थ राहूनच शिकेल. अश्वपतीने त्यांना गृहस्थपण सोडावयास सांगितले नाही, ह्यात मला राजाचा व्यवहार दिसतो, आणि त्याहून मोठे असे काही दिसते. त्यांच्या हातची समिधा ही गुरूच्या अग्नीसाठी आणलेले सरपण होय. आणि सरपण हे नेहमी कोणाच्या तरी अंगणातून आलेले असते.

शिवाय राजाने त्यांना जे शिकविले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मन लावून वाचावे असे आहे. प्रत्येकाला तो विचारतो, तू आत्मा म्हणून कशाची उपासना करतोस? एकजण आकाशलोक सांगतो, एक सूर्य, एक वारा, एक अवकाश, एक पाणी, एक पृथ्वी. आणि राजा प्रत्येकाला म्हणतो, की हे त्या वैश्वानराचे मस्तक झाले, हा डोळा, हा प्राण, हे धड, ही बस्ती, हे पाय. तू भाग धरून बसलास आणि त्याला पूर्ण मानलेस. माझ्याकडे आला नसतास तर तुझा तोच अवयव तुला दगा देता. आजच्या शहरी रुग्णालयात ज्याला एका दालनातून दुसऱ्या दालनात कागद घेऊन फिरावे लागले आहे, त्याला ह्या संवादाचे भाष्य सांगावयास नको.

आमचा गृहस्थ दर शनिवारी घरी येत असे, आणि महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे डोकावत असे. त्याच्या पहिल्या दिवसांतील एक हकीगत सांगण्यासारखी आहे. शवविच्छेदनाच्या दालनात पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने मृत देहापुढे हात जोडून शपथ घेतली. ही नवी आणि चांगली रीत आहे, देहाला पहिला गुरू म्हणण्याची. मग टेबले वाटून दिली, आणि त्याच्या टेबलावर समोर जो मुलगा उभा राहिला तो, आठवीत ह्यानेच ज्याला बेडकाची आकृती शिकविली होती, तो निघाला. ‘सर, तुम्ही?’ असे मुलाच्या तोंडून गेले, आणि त्यानंतर वर्षभर तो मुलगा त्याला सर म्हणत राहिला आणि तो त्या मुलाकडून मज्जातंतूंच्या शाखा पाठ करून घेत राहिला, कारण मुलाचे पाठांतर चांगले होते आणि ह्याचे पहिल्यासारखे राहिले नव्हते. उद्दालक आपल्या दारी आलेल्यांना बरोबर घेऊन विद्यार्थी झाला, त्याची मला आठवण झाली; तथापि उद्दालकाला परीक्षेत नापास होण्याची धास्ती नव्हती, हेही खरे.

आधी शिकलेले अशा माणसाच्या कामाला येते की आड येते? नारद सनत्कुमाराकडे गेला तेव्हा सनत्कुमाराने त्याला आधी, काय काय येते ते सांग, असेच विचारले होते; नारदाने चार वेदांपासून सर्पविद्येपर्यंत लांबलचक यादी सांगितली आणि शेवटी, हे सगळे असून मी शोकात आहे, असे कबूल केले. यादी सांगणे आणि ती पुरत नाही हे सांगणे, ही दोन्ही कामे एकाच श्वासात करता येणे हा मला पदवी घेऊन पुन्हा शिकावयास जाणाऱ्याचा खरा अधिकार वाटतो. आमच्याकडे ह्याची गोष्ट संत्र्याच्या झाडात रोज दिसते. नागपुरी संत्रा आपल्या मुळावर कोणी लावीत नाही. जंबेरीच्या खुंटाच्या सालीला उभा-आडवा छेद देऊन त्यात संत्र्याचा डोळा भरतात, बांधतात, आणि तो फुटला की वरचा खुंट छाटून टाकतात. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. परंतु डोळ्याच्या खालून खुंटाला धुमारे फुटत राहतात, आणि ते वेळोवेळी खुडले नाहीत तर दोन-चार वर्षांत झाड पुन्हा जंबेरी होऊन बसते, काटे आणि आंबट फळे घेऊन. मास्तरकीचे धुमारे असेच फुटतात. समोरच्या प्राध्यापकाची चूक दिसली की जीभ वळवळते, असे तो स्वतःच सांगे. ते खुडता खुडता पहिले वर्ष गेले.

खुंट टाकून देता येत नाही, हेही तितकेच खरे. सौंसरजवळच्या जाम सावळीला निद्रिस्त मारुतीच्या नाभीतून निघणारे पाणी तीर्थ म्हणून घ्यावयास आणि बाधा झालेल्या माणसाला देवळाच्या आवारात ठेवावयास लोक लांबून येतात. अठरा वर्षांचा शहरी मुलगा हे पाहून हसेल किंवा चिडेल. ह्याने त्याच आवारात पूर्वी आपल्या विद्यार्थ्यांच्या आया-मावश्या पाहिल्या होत्या, त्यांच्या घरची परिस्थिती त्याला ठाऊक होती, आणि रोगी दवाखान्यात येईल तो देवळाच्या वाटेनेच येईल, तेव्हा त्या वाटेशी वैर धरून चालणार नाही, एवढा व्यवहार त्याच्या अंगी दहा वर्षांच्या मास्तरकीने आधीच बाणलेला होता.

धर्माच्या अंगाने आणखी एक अडचण होती, आणि तिचा विचार आजचे सुशिक्षित करीत नाहीत, कारण डॉक्टर म्हणजे देव असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. आमचे पूर्वज वैद्याला देव मानीत नव्हते. मनूने श्राद्धाच्या पंगतीतून चिकित्सकाला उठविले आहे आणि त्याचे अन्न वर्ज्य केले आहे. तैत्तिरीय संहितेत तर अश्विनीकुमारांनाच, म्हणजे देवांच्या वैद्यांना, माणसांत मिसळतात म्हणून अपवित्र ठरवून सोमापासून दूर ठेविले आहे. च्यवनाने त्यांना सोमाचा वाटा मिळवून दिला, ही पुढची कथा. जो सगळ्यांना शिवतो तो कोणाच्याच पंगतीचा राहत नाही, असा हा न्याय. एकीकडे हा न्याय, आणि दुसरीकडे चरकाचे म्हणणे, की धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष ह्या चारींचे मूळ आरोग्य आहे आणि जो केवळ भूतदयेने चिकित्सा करतो तो सर्वांच्या पुढे जातो. एकाच संस्कृतीने वैद्याला चार पुरुषार्थांच्या मुळाशी बसविले आणि श्राद्धाच्या पानावरून उठविले. आज त्याच चरकाच्या नावाची शपथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केली आहे, आणि तिच्यावरून वादही झाले. शपथ कोणत्या भाषेत घ्यावी ह्यावर जेवढे बोलले गेले त्याच्या निम्म्यानेही ती पाळावी कशी ह्यावर बोलले गेले नाही, असे माझे मत.

शिवण्याची ही गोष्ट आमच्या गृहस्थाच्या घरी पोथीतून आली नाही. ती एका गोणीतून आली. शरीररचना शिकण्यासाठी हाडांचा संच लागतो, आणि तो वरच्या वर्गातल्या एकाने उसना दिला होता. शनिवारी रात्री त्याने ती गोणी ओसरीवर ठेविली, आणि रविवारी पहाटे सडा टाकावयास उठलेल्या त्याच्या आईने ती उघडून पाहिली. मांडीच्या हाडावर लाल आणि निळ्या रंगाच्या खुणा होत्या. स्नायू जेथून निघतो तेथे लाल आणि जेथे जाऊन चिकटतो तेथे निळी, अशी विद्यार्थ्यांची रीत आहे. म्हातारीने लाल खूण पाहिली आणि मुलाला हाक मारून विचारले, ‘याले कुंकू कोनं लावलं?’ त्याने समजावून सांगितले. तिने ते सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाली, ‘कोन्या मायचं लेकरू असन थे. जायलं नाई, गंगेत गेलं नाई.’ तिने आरडाओरडा केला नाही, गोणी बाहेर फेकावयासही लावली नाही. तुळशीसमोरून ती उचलून गोठ्यात, बैलांच्या दावणीवरच्या खुंटीला टांगावयास सांगितली, आणि तेथे संध्याकाळी एक पणती ठेवू लागली. पोरगा गोठ्यात बसून, पणतीच्या आणि बैलांच्या सोबतीने, खांद्याच्या फऱ्याचे कोपरे पाठ करू लागला.

सुश्रुताला हे कळले असते. मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवलेला देह वाळ्याच्या कुंचीने हळूहळू खरवडून आतले पाहावे, असे त्याने लिहून ठेविले; मग मधल्या शतकांत आपण ते हात धुऊन टाकले, आणि १८३६ साली कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्तांनी पुन्हा शस्त्र उचलले तेव्हा ती केवढी क्रांती ठरली. हे मधुसूदनही, ध्यानात घ्यावे, संस्कृत महाविद्यालयात आयुर्वेद शिकविणारे वैद्य होते. नवे वैद्यक ते शिकले ते पंडित झाल्यानंतर.

अशी उशिराची समिधा उचलणारे आपल्यात थोडे झाले नाहीत. एल्फिन्स्टनमध्ये शिकविणारे भाऊ दाजी लाड १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघताच तेथे विद्यार्थी होऊन बसले आणि १८५१ च्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. पुढे कवटी नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलाने महारोगावर उपाय शोधीत राहिले. आमच्याच धंद्यातले, वरोड्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, गटारीकडेला पडलेल्या एका महारोग्याला पाहून भिऊन पळाले, त्या पळण्याची लाज वाटून परतले, आणि १९४९ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यास करावयास गेले. बाबा आमटे डॉक्टर झाले नाहीत, व्हावयाची त्यांना गरजही नव्हती. पण मला सर्वांत जास्त विचार करावयास लावतो तो अल्सासचा अल्बर्ट श्वाइट्झर. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि संगीत, त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा, असा त्याने एकविसाव्या वर्षीच स्वतःशी करार केला होता. आणि १९०५ साली, धर्मशास्त्राचा अध्यापक असताना, तो स्ट्रासबुर्गच्या वैद्यकशाखेत विद्यार्थी म्हणून नाव घालावयास गेला तेव्हा तेथल्या अधिष्ठात्याला ह्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे असे वाटले. वर्षानुवर्षे शब्दांनी स्वतःला वाटीत आलो, आता न बोलता काम करावयाचे आहे, असे त्याचे म्हणणे. १९१३ साली तो आफ्रिकेत लांबारेनेला गेला.

ह्याच श्वाइट्झरने १९३५ साली भारतीय विचारावर ग्रंथ लिहिला आणि जगाचा व जीवनाचा नकार हा आमच्या तत्त्वज्ञानाचा मुख्य सूर आहे असा दावा लावला. राधाकृष्णन यांनी त्याला १९३९ साली सविस्तर उत्तर दिले. त्या दाव्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या शास्त्रांनी संन्याशासाठी जितकी दारे उघडली तितकी सेवेसाठी उघडली नाहीत, हे मान्य करावे लागते. परंतु समिधा घेऊन उभे असलेले ते सहा गृहस्थ श्वाइट्झरच्या दृष्टीतून निसटले असे मला वाटते. ते जगाला नकार देऊन आले नव्हते, आणि त्यांना शिकविणाऱ्या राजाने उपदेशाचा शेवट केला तो जेवणाच्या पानावर: प्राणाला दिलेला घास हा सर्व भूतांना दिलेली आहुती कसा होतो ते सांगून.

आणि येथे मला त्या बायकोचे कलम आठवते. श्वाइट्झरच्या पत्नीने, हेलेनेने, नवऱ्याच्या कामासाठी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. छांदोग्यातील महाशालांच्या बायकांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. ते समिधा घेऊन केकय देशाला गेले तेव्हा वाड्यातील गाई कोणी दोहल्या, देणी कोणी भागविली? आणि उलट प्रश्नही विचारला पाहिजे: घरधनीणच समिधा घेऊन निघाली असती तर? त्याचे उत्तर आपल्या न्यायालयांच्या दप्तरात आहे. रखमाबाईंवर नवऱ्याने नांदावयास येण्याबद्दल १८८४ साली दावा लावला, तो तडजोडीने मिटण्यास १८८८ उजाडले, आणि त्यानंतर १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यक शिकावयास जाऊ शकल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. पुरुषाच्या उशिरा शिकण्याला माझ्यासारखा वकील एका मुखत्यारपत्रात मोकळे करतो. बाईच्या उशिरा शिकण्याला चार वर्षांचा दावा लागला.

आमच्या गृहस्थाच्या बायकोची हिशेबाची वही मी दोन वर्षांनी पाहिली. बागेला ताण कधी दिला, पाणी कधी सोडले, मृग बहाराचे किती आले, व्यापाऱ्याने किती कापले, देराचा वाटा, सासूचे औषध, मुलांची फी. आणि त्या सगळ्या रकान्यांच्या कडेला एक रकाना ‘शिक्षन’ म्हणून, त्यात छिंदवाड्याचे बसभाडे, खाणावळ, पुस्तके. एके ठिकाणी तिने ‘हाडं – उसने’ असे लिहिले होते आणि पुढे रकमेची जागा कोरी ठेविली होती. तेव्हा कोठे मला समजले, की मी ज्याला मागे फिरणे म्हणत होतो ते एकट्या माणसाचे चालणेच नव्हते. खाते एकाच घराचे होते. ऋषींचे देणे तो लिहीत होता, पितरांचे ती, आणि मनुष्यांचे देणे दोघांच्या नावावर चढत होते. त्याचा अधिकार तपासावयाचा तर ही वहीच रुजू करून घ्यावी लागेल. विठ्ठलपंत गेले तेव्हा अशी वही घरात नव्हती. गुरूने परत पाठविले ते बहुधा तीच सुरू करण्यासाठी.

त्याच सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा गृहस्थ आणि मी पांढुर्ण्याला गोटमार पाहावयास गेलो. जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हींकडून दगड. जखमेवर चंडीमातेचा अंगारा लावून पुन्हा पात्रात उतरणारे लोक, आणि दोन्ही बाजूंना सरकारी दवाखान्याचे तंबू. एका पोराचे डोके फुटून त्याचा सदरा पाठीपर्यंत भिजला होता. डोक्याच्या कातडीखालचा थर फार घट्ट असतो, तुटलेली शीर त्यात आकसत नाही, म्हणून लहानशी खोकही इतकी भळभळते, असे त्याने मला सांगितले. मग थोड्या वेळाने म्हणाला, की विशीत असताना आपणही येथे तीन वर्षे दगड मारले आहेत, आणि त्यातला एक लागलेला पाहिलाही आहे.

सर्वपित्री अमावस्येला त्याच्या घरी मला जेवावयाचे बोलावणे होते. तर्पणात, जे आपले नातलग होते त्यांच्याबरोबर, जे कोणाचेच नव्हते त्यांनाही एक ओंजळ असते हे मला ठाऊक होते; पण म्हातारीने पितरांची पाने वाढून झाल्यावर पळसाची एक पत्रावळ वेगळी मांडली, तिच्यावर खीर, वडे, कढी, भाजी असे सगळे वाढले, आणि ती गोठ्यात नेऊन गोणीखाली ठेविली. पहिले वर्ष पार पडले होते आणि हाडे आता पुढच्या वर्षाच्या मुलाला द्यावयाची होती. दुपारी गोणी मोटारसायकलला बांधताना मुलाने आईला, झाले आता, असे काहीसे म्हटले. तिने पदराने हात पुसले आणि गोणीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

‘ज्याले देशीन त्याले सांगजो,’ ती म्हणाली, ‘अमावस्येले एक पान वाढाचं.’